टोकन त्रेसष्ट

आईच्या मते मुलाचं काम म्हणजे नसती उठाठेव. मराठीत आकडे बोलणारी लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला जोडता येणारा तयार कोड, त्यानं लिहिली आणि कुणाही प्रोग्रामरनं वापरावी म्हणून फुकट वाटून टाकली. "लायब्ररी म्हणे! पुस्तक नाही, वर्गणी नाही!" तरी एक ते शंभर तिनंच स्वयंपाकघरात बसून रेकॉर्ड करून दिले होते. आज दातांच्या दवाखान्यात ती टेकते न टेकते तोच भिंतीवरचा स्पीकर बोलला, "टोकन त्रेसष्ट... अरे, दूध उतू चाललंय, गॅस बंद कर!" तिचाच आवाज! सगळे खदखदून हसले. त्रेसष्टवाल्या आजोबांनी मात्र दचकून घरी फोन लावला. "सूनबाई, गॅस बघ... चालूच होता? वाचलो!" आईनं मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो ओशाळला. "कापायचं राहिलं गं. आत्ता काढतो." "हात लावून तर बघ!" ती कडाडली. "आणि एकशे एकपासून पुढचे आकडे कधी बोलायचे?"