खोलगट जमिनीतही बिनधास्त

"हे वाटायचं नाही." म्हाताऱ्याने पुस्तिकांच्या गठ्ठ्यावर पंजा ठेवला. "एकही प्रत नाही."

रोपवाटिकेच्या सल्लागारबाईंनी घड्याळ पाहिलं. वर्गाला अर्धा तास उरला होता. 'वाइनच्या द्राक्षांची ओळख आणि वाणाची निवड.' शेजारच्या खोलीत चाळीस नवे शेतकरी खुर्च्या सरकवत होते. वर्ग संपला की ते पुस्तिका बघून वाण ठरवणार आणि आजच रोपांची मागणी लिहून देणार. वेल म्हणजे काय मेथीची जुडी नव्हे, एकदा लावली की तीस वर्षांचा संसार. आणि हा कोण कुठला बाबा ऐन वेळी आडवा आला होता!

"आजोबा, हात काढा आधी. काय बिघडलंय पुस्तिकेत?"

"पान अकरा. 'लवकर फुटणारा काळा वाण खोलगट जमिनीतही बिनधास्त लावा.' बिनधास्त म्हणे! अहो, खोलगट जागेत गार हवा पाण्यासारखी साचते. थंडी सरता सरता वर उतारावर काही होत नाही, खाली मात्र दव गोठतं. आणि हा वाण मेला घाईचा. सगळ्यांच्या आधी याचे डोळे फुटतात. कोंब बाहेर आला की गेला कामातून."

त्याने पिशवीतून मूठभर कोंब काढून टेबलावर टाकले. काळे ठिक्कर पडलेले.

"माझ्या धाकट्या बहिणीच्या मळ्यातले. पाच वर्षांत चारदा हे असं. यंदा ती वेली उपटतेय."

बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण रागही आला. या पुस्तिकेवरच त्या हे काम शिकल्या होत्या. खायची द्राक्षं वेगळी आणि वाइनची वेगळी, वाइनला बारीक मणी आणि जाड साल हवी, एवढं साधंसुद्धा त्यांना त्यातूनच कळलं होतं. लेखक निवृत्त झाले तेव्हा बाई शाळेत होत्या, त्यांना कधी भेटल्याही नव्हत्या. तरी गुरू म्हणून त्यांचंच नाव तोंडात यायचं.

"छाटणी चुकली असेल," बाई म्हणाल्या. "उशिरा छाटलं की डोळे उशिरा फुटतात."

"छाटलं उशिरा. ओळींमध्ये शेकोट्या पेटवल्या. मागच्या खेपेला तर घरातल्या चादरी नेऊन वेलींवर घातल्या तिने. सकाळी चादरी कडक, आणि खाली हे. वर म्हणते काय, 'पुस्तक चुकायचं नाही रे दादा, माझंच काहीतरी चुकलं असेल.' हे ऐकलं ना बाई, की जीव नको होतो."

"बरोबरच बोलतात त्या."

"काय बरोबर?" म्हातारा कडाडला. "ज्या गाढवाने हे लिहिलं, त्याने ती जमीन कधी पाहिली? भर उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी, गाडीतून खालीसुद्धा न उतरता! हिरवंगार दिसलं, दिलं ठोकून!"

"तोंड सांभाळून बोला!" बाई उभ्याच राहिल्या. "नऊ आवृत्त्या निघाल्यात या पुस्तिकेच्या. शेकडो मळे उभे राहिले. आणि तुम्ही चार करपलेल्या काड्या घेऊन त्यांची अक्कल काढता? कुणी पाठवलंय तुम्हाला? दुसऱ्या रोपवाटिकेने?"

"मला कोण पाठवणार?"

शिपाईमामा गठ्ठा न्यायला आले. म्हाताऱ्याने मागचापुढचा विचार केला नाही, सरळ गठ्ठ्यावर बसकण मारली.

"आता यांच्यासकट नेऊ का?" मामांनी विचारलं.

"थांबा जरा," बाई वैतागून म्हणाल्या.

म्हाताऱ्याचा आवाज उतरला. "एक पान फाडा, बाई. फक्त एक. त्या चाळिसांतले निम्मे तरी खालच्या अंगाला राहतात. मी विचारून आलोय दारातच."

"मला अधिकार नाही. छापलेलं मागे घ्यायचं तर लेखकाची लेखी परवानगी लागते. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून आम्ही स्वल्पविरामही हलवत नाही."

"नुसती चिठ्ठी चिकटवली तर? त्याचं नाव कुठे न आणता?"

"नाही म्हणजे नाही. आणि ते तरी कुठे बोलतात? नव्या आवृत्तीसाठी दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही."

"देणार कसं? तोंड आहे का त्याला?"

आता मात्र बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खणातून फॉर्म काढून त्याच्या पुढ्यात आपटला. तक्रारवाल्यांना वाटेला लावायचा हा रामबाण होता. नेलेला फॉर्म आजवर एकानेही परत आणला नव्हता.

"हा घ्या. यावर त्यांची सही आणा, चाळीसच्या चाळीस प्रतींचं पान मी माझ्या हाताने फाडते. आणि सही मागायला जाल ना, तेव्हा हे गाढवबिढव त्यांच्या तोंडावर बोलून दाखवा. बघू तरी किती हिंमत आहे!"

म्हातारा फॉर्म खालपर्यंत वाचून गेला. मग गठ्ठ्यावरून उठला आणि टेबलाशी आला.

"पेन द्या."

कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'जमीन न पाहता लिहिलं.' मग तो खाली सरकला, लेखकाच्या रकान्यापाशी.

"अहो, तिथे तुमचं नाव नाही लिहायचं!" बाई ओरडल्या. "खोटी सही चालत नाही इथे. ओळखपत्र लागतं."

त्याने सही पुरी केली, खिशातून ओळखपत्र काढलं आणि पुस्तिकेच्या मुखपृष्ठाला लावून ठेवलं. दोन्हीकडे नाव एकच होतं.