वहीतले आकडे

"पंधरा दिवस माझी शुगर मी एकटीने सांभाळली, तर शाळेच्या तीन दिवसांच्या सहलीला पाठवाल?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारूनच दाखव म्हणून. भिंगरीने भर जेवणात विचारून टाकलं.

बाबांचा घास हातातच राहिला. ते शिंपी, दुकानात भरपूर बोलायचे, घरी मापात. "तीन दिवस? मुक्कामाची?"

"हो. टोचणं, मोजणं, इन्सुलिनचं पेन, सगळं मी! डॉक्टरकाकू म्हणाल्याच आहेत, चौदाव्या वर्षी जमायला हवं."

आईने बाबांकडे पाहिलं. "रोजचा आकडा वहीत लिहायचा. आणि तो खाली आला पाहिजे."

"कबूल! पण वही पंधराव्या दिवशीच बघायची."

दुसऱ्या दिवशी ती दात घासत होती तेवढ्यात आईची हाक आली, "टोचलंस का गं?" ती बुटांची नाडी बांधत असताना बाबा म्हणाले, "किती आली?" मधल्या सुट्टीत तर शाळेच्या ऑफिसात आईचा फोन, "पेन घेतलंस ना?"

भिंगरी प्रत्येक वेळी नीट उत्तर द्यायची आणि वही काढायची.

आठवड्याभरात आकडा चांगलाच घसरला. "उतरतोय, उतरतोय!" ती गिरकी घेऊन सांगायची. बाबा खूश होऊन गळ्यातल्या टेपने उगाचच तिची उंची मोजायचे.

अकराव्या दिवशी संध्याकाळी नाचता नाचता तिचे हात थरथरायला लागले. तिने टोचलं, मशीन पाहिलं. शुगर फारच खाली गेली होती. ती फळांचा रस प्यायली, घड्याळ समोर ठेवून बसली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं. आता ठीक होतं. आई दारात तोंडावर हात दाबून उभी होती. एक शब्द बोलली नाही.

त्या दिवशी वहीत लिहिताना भिंगरी गालातल्या गालात हसली.

पंधराव्या दिवशी आईबाबा टेबलाशी असे बसले, जणू त्यांचाच निकाल आहे. भिंगरीने आधी मशीन पुढे सरकवलं. त्यात साठलेले आकडे बाबांनी बटण दाबत एकेक पाहिले. "छान आहेत की गं."

आईने वही उघडली आणि किंचाळलीच. "पहिल्या दिवशी बत्तीस? काल दोन? अगं, दोन शुगर असते का कुणाची?"

"शुगर मशीनमध्ये आहे. वहीत, तुम्ही दोघांनी दिवसात कितीदा 'टोचलंस का' नि 'किती आली' विचारलंत, ते आहे." भिंगरीने दोघांच्या गळ्यात हात टाकले. "पास झालात! आता तुम्हाला तीन दिवस एकटं सोडायला हरकत नाही. मी सहलीला जातेय."