मांजरपावलं

"दिवसभर घरी काय करतेस?" हाडांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आई झोपते," माऊ म्हणाली.

"आईचं नाही गं, तुझं विचारतेय."

तेरा वर्षांची माऊ विचारात पडली. मग म्हणाली, "मी आवाज करत नाही."

आई शेजारीच उभी होती. याच दवाखान्यातली रात्रपाळीची नर्स. युनिफॉर्म अजून अंगावरच होता. पोरीचं उत्तर ऐकून तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

कारण पोरगी खरंच आवाज करत नव्हती. आई सकाळी येऊन झोपायची, म्हणून खिडक्यांना जाड काळे पडदे. शिट्टी नको म्हणून दिवसा कुकर नाही, घरघर नको म्हणून मिक्सर नाही. माऊ शाळेच्या बसमधून थेट दारात उतरायची, बिस्किटं नाहीतर कोरडा पाव खायची आणि पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायची. पळणं, उड्या मारणं तर सोडाच. मांजरीसारखी चालते म्हणून माऊ हे नाव शेजारणींनीच ठेवलेलं. 'किती गुणाची पोर! घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही!' आणि आई? ती वेडी हे कौतुक सगळ्या वॉर्डात सांगत सुटायची.

आता त्या गुणाच्या पोरीच्या पायाच्या हाडाला बारीक तडा गेला होता. पडली नव्हती, धडपडली नव्हती. शाळेत दोरीवरच्या उड्यांच्या संघाची निवड होती. माऊने जीव तोडून चाळीस मारल्या आणि खाली बसली, ती उठलीच नाही. रक्तात ड जीवनसत्त्व अगदी नावाला.

"सिस्टर, हाडं भरायची हीच वर्षं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत्ता कमी पडलं तर पुढे भरून काढणं कठीण. औषध मी देते. ऊन आणि जेवण तुम्ही द्या. आणि तडा भरला की उड्या मारू द्या."

घरी आल्या आल्या आई स्टुलावर चढली आणि तिने पडदे ओढून काढले.

"अगं आई, तुझी झोप?"

"माझी झोप गेली चुलीत! कुकर लावते आता."

मग काय, भरदिवसा कुकर शिट्ट्या मारू लागला. डाळ, अंडी, मासे, वाडगा वाडगा दही. पहिला महिनाभर आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तडा भरला, डॉक्टरबाईंनी हो म्हटलं, तेव्हा आईने स्वतः जाऊन दोरी आणली. गच्ची नेमकी तिच्या पलंगाच्या डोक्यावर. माऊ आधी चवड्यांवर, चोरून चोरून उड्या मारायची. आई खालून ओरडायची, "जेवली नाहीस का? जोरात मार!"

संघात यायचं तर न थांबता पाचशे उड्या हव्या होत्या. खेळाच्या बाईंनी वर्षभराने पुन्हा एक संधी द्यायचं कबूल केलं होतं, पण तीच शेवटची. माऊ दोनशेवर अडकायची, मग तीनशेवर. अडकली की दम खाऊन लगेच पुन्हा सुरू.

निवडीच्या आदल्या दिवशी रविवार होता. ऊन चांगलं चढलं होतं. आई खाली झोपली होती आणि वर धपधप चालू होती. धप, धप, धप.

आणि एकदम सगळं शांत झालं.

आई ताडकन उठून बसली. आता सुरू होईल, मग सुरू होईल म्हणून छताकडे बघत राहिली. काही नाही. पुन्हा तडा गेला की काय? चपला न घालताच ती जिना चढत धावली.

गच्चीच्या मधोमध माऊ उभी होती. घामाने निथळत होती, धापा टाकत होती, पण दोन्ही पायांवर घट्ट उभी होती.

"आई! पाचशे बारा! एकदासुद्धा अडकले नाही!"

आईने तिला उचललंच. निदान तसा प्रयत्न तरी केला, कारण माऊ आता चांगली भारी झाली होती. दोघी हसत सुटल्या आणि आईला रडूही आवरेना. पोरीने जिंकलं होतं, उद्याचं उद्या.

मग माऊचं लक्ष आईच्या अनवाणी पायांकडे गेलं. ती ओशाळली. "झोपमोड केली का गं मी तुझी?"

"नाहीतर काय!" आई डोळे पुसत म्हणाली. "इतकी गाढ झोप लागली होती, आणि तू आवाज बंद केलास."