डावीकडचा माणूस

"ही कोणाची?" संचालकांनी विचारलं.

टेबलावर वीतभर लाल तार होती. लिफ्टची तपासणी करताना दाराची सुरक्षा तात्पुरती बंद ठेवायला मेकॅनिक ती लावतात आणि निघताना आठवणीने काढतात. या वेळी ती राहिली, आणि काल लिफ्ट दार उघडं असतानाच वर निघाली. एक बाई आत पाय टाकता टाकता वाचली.

तार सुपरवायझरने लावली होती. त्याला कामगार सेनापती म्हणायचे. रोज सकाळी कामावर निघण्याआधी तो सगळ्यांना रांगेत उभं करून प्राचीन ग्रीक योद्ध्यांच्या गोष्टी सांगायचा. ते खांद्याला खांदा लावून लढत. प्रत्येकाची ढाल अर्धी स्वतःला झाकायची आणि अर्धी डावीकडच्या माणसाला. शिरस्त्राण पडलं तर चालायचं, पण ढाल टाकून आलेल्याला गावात तोंड दाखवायला जागा नसायची. "नोकरी काय पगारासाठी करायची?" तो विचारायचा. "डावीकडच्या माणसासाठी करायची."

तार काढायची राहिली, कारण त्या दिवशी त्याला घाई होती. मुख्य ऑफिसात नव्या भरतीपुढे ढालीवरच भाषण द्यायचं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, पण तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. भाषण छान झालं. टाळ्याही पडल्या.

आता फक्त 'माझी' म्हणायचं होतं. सेनापतीने तोंड उघडलं, मिटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बघत असल्यासारखा तारेकडे बघत राहिला.

"माझ्याकडून राहिली," डावीकडून आवाज आला.

तो त्याचा बारा वर्षांपासूनचा कामातला जोडीदार होता. काम संपलं की 'ठाकठीक' एवढंच बोलायचा, म्हणून त्याला तेच नाव पडलं होतं.

"खरंय?" संचालकांनी सेनापतीला विचारलं.

सेनापतीची मान हलली, हो म्हणून. ती कशी हलली हे त्याला नंतर कितीही आठवून कळेना. ठाकठीकला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगण्यात आलं.

जिन्यात सेनापतीने त्याला गाठलं. "का बोललास?"

"तुम्हीच तर रोज सांगता, सेनापती."

त्यात टोमणा नव्हता. असता तर सेनापतीला जरा बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तो ठाकठीकच्या घरी गेला. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं होतं. दार ठाकठीकच्या बायकोने उघडलं.

"या भाऊजी, या. ह्यांनी सांगितलं सगळं. किती भांडलात म्हणे तुम्ही ह्यांच्यासाठी. स्वतःची नोकरी पणाला लावलीत."

सेनापतीने ठाकठीककडे पाहिलं. तो खुर्चीवरचे कपडे उचलून बसायला जागा करत होता. नको तितका वेळ लावून करत होता.

घोकलेलं सगळं तसंच राहिलं. सेनापतीला लाज वाटली, इतकी की बूट काढायला वाकलेला तो लवकर सरळच होईना. ज्याला झाकायचं त्याला आपण पुढे केलं, आणि हा घरातसुद्धा आपल्यालाच झाकतोय.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "एका शाळेत पहारेकऱ्याची जागा आहे. अर्ज भरायला घेतलाय, पण एका ठिकाणी अडलंय. तुमची भाषा चांगली, तुम्हीच लिहा."

अर्ज सुबक अक्षरात भरलेला होता. एकच रकाना कोरा होता. आधीची नोकरी सोडण्याचे कारण.

"असं काहीतरी लिहा, की ह्यांना बोल लागणार नाही आणि खोटंही होणार नाही."

"निष्काळजीपणा लिहा आणि मोकळे व्हा," ठाकठीक कपड्यांच्या घड्या घालत म्हणाला.

"तुम्ही थांबा हो जरा. बारा वर्षांत एक तक्रार नाही आणि म्हणे निष्काळजीपणा."

सेनापतीने पेन घेतलं. रकाना जेमतेम एका ओळीचा होता. भाषणं करणाऱ्या माणसाला एक ओळ लिहायला बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर त्याने कागद तिच्याकडे दिला आणि स्वतः जमिनीकडे पाहत राहिला.

तिने मोठ्याने वाचलं. "सुपरवायझर तार काढायला विसरला आणि विचारल्यावर गप्प बसला."

मग तिने ते पुन्हा एकदा मनात वाचलं.

"अगं, चेष्टा करतायत ते," ठाकठीक घाईघाईने म्हणाला.

तिने नवऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "चेष्टा आहे का ही?"

"नाही," सेनापती म्हणाला. एकदाचं बोलून झालं होतं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि त्याने मान वर केली.

ती त्याच्याकडेच बघत होती. तिने अर्जाची घडी घातली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"हे तुम्ही आमच्या घरात बसून लिहिलंत," ती म्हणाली. "तुमचं ऑफिस सकाळी किती वाजता उघडतं, साहेब?"