खडूची रेघ

बसा जरा. तुमचा नंबर यायला वेळ आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. मोठी नाही, या समोरच्या काचेच्या खिडकीएवढीच.

मघाशी अकराच्या सुमाराला या विम्याच्या खिडकीशी बायकोला घेऊन आमचे टेलरमास्तर उभे होते. वय बहात्तर. दहा पावलं चालले की धाप. हृदयाची एक झडप आकसलीय. डॉक्टर म्हणाले होते, जांघेतून बारीक नळी घालून नवी झडप बसवू, तिसऱ्या दिवशी घरी जाल. छाती उघडली, तर ही कमजोर फुफ्फुसं घेऊन टेबलावरून उठाल याची खात्री नाही.

खिडकीतल्या मुलीने कागद वर धरला. "काका, विम्याचं उत्तर आलं. छाती उघडून केलंत तर पूर्ण पैसे. नळीने केलंत तर चौथा हिस्सा."

मास्तरांना वाटलं, पोरगी उलटं वाचतेय. "पुन्हा वाचा."

तिने वाचलं. तेच.

"अहो, पण वरच्या वॉर्डात सगळ्यांचं नळीनेच चाललंय की!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हो काकू. मी इथे लागले तेव्हा महिन्याला एखादं व्हायचं. आता आठवड्याला चार-पाच होतात. पण तुमची पॉलिसी जुनी. तिच्या तक्त्यात मोठ्या ऑपरेशनला मोठी रक्कम. हे बसतं छोट्यात."

"छोट्यात?" मास्तर म्हणाले. "पोरी, नवा कोट कोणीही शिवेल. शिवलेला कोट न उसवता आतलं अस्तर बदलायचं, तर मी दुप्पट मजुरी घेतो. गिऱ्हाईक हसत देतं."

मुलीला पटलं. तोंडावरच दिसत होतं. "मी काय करू काका, माझ्या हातात काही नाही."

"गाळा विकू," बाई म्हणाल्या. "मशीनही विकू."

"आणि बरा होऊन मी काय करू? तुझ्या तोंडाकडे बघत बसू?"

"बसा की! चाळीस वर्षांत कधी बघितलंत?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. मीही हसलो. ते शेवटचं हसू.

मास्तर शर्टाची बटणं काढायला लागले. आम्हाला वाटलं, जीव गुदमरला. कोणीतरी स्टूल पुढे सरकवलं. मास्तर बसले नाहीत. खिशातून कापडावर खुणा करायचा तो चपटा निळा खडू काढला, आणि गळ्याच्या खळगीपासून पार पोटाच्या वरपर्यंत रेघ ओढली. सरळ. दहा पावलांत धाप लागणारा माणूस, पण हात तसूभर हलला नाही.

"घ्या," म्हणाले. "इथून उसवा."

मुलगी खुर्चीतून उठली, तिच्या हातातला शिक्का तसाच राहिला. बाईंनी तळहाताने ती रेघ पुसायला घेतली. एकदा पुसली, दोनदा पुसली. घामाने खडू चिकटलेला. बाईंचा हात निळा झाला, छाती निळी झाली, पण रेघ काही जाईना. तेवढ्यात मास्तरांनी काचेखालून छाती उघडायच्या संमतीचा फॉर्म ओढला आणि सही करून टाकली.

आता त्यांना रक्त तपासायला वर नेलंय, बाई सोबत गेल्यात. ऑपरेशन उद्या सकाळी सातला. मी त्यांच्याच गाळ्याच्या दारात इस्त्री करतो, घरचा माणूस म्हणून मास्तरांनी सही केलेला हा कागद माझ्या हातात दिला. डॉक्टरांच्या खोलीत नेऊन दे म्हणाले. खोली ती तिथे, जिन्याला लागून. अर्धा तास झाला, माझे पाय उचलत नाहीत.

मला अक्षर कळत नाही हो. तुम्ही चष्मेवाले, शिकलेले दिसता. एवढं करा. एकदा केलेली सही माणसाला मागे घेता येते, असं यात कुठे लिहिलंय का बघा. खालचं बारीक बारीक आहे ना, तेही वाचा.