काशिफचा उमेदवार

अमेरिकेत रात्र होती, कुवेतमधल्या अबू हलीफात सकाळचे सहा. तिकडच्या एका पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचे पहिले आकडे येत होते. मुमताज हॉस्पिटलचा युनिफॉर्म चढवून टीव्हीसमोर खिळली होती. त्यातल्या एका उमेदवारासाठी तिकडे राहणारा तिचा मुलगा काशिफ तीन महिने दारोदार फिरला होता.

“आपला माणूस पुढे आहे!” तिचा नवरा रियाज ओरडला. त्याला इंग्रजी कळत नसे, आकडे कळत. जूनमध्ये दोघांचा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपला की कुवेत सोडून काशिफकडे जायचं होतं. अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं त्या दिवशी तसा शब्द काशिफनेच दिला होता.

आघाडी वाढली तसा उमेदवार हसत मंचावर आला. “बाहेरून आलेले इथे स्थिरावतात आणि मग म्हातारे आईबाप बोलावून घेतात. मी आलो की पहिल्या दिवशी हे बंद!” सगळं सभागृह उठून उभं राहिलं. पहिल्याच रांगेत काशिफ जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवत होता.

“अगं, आपला काशिफ!” रियाजचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मुमताजचा फोन वाजला.

“अम्मी, डिड यू सी मी?”

“पाहिलं. भाषणही ऐकलं.”

 काशिफ हळूच म्हणाला, “अब्बांना काही समजलं नाही ना?”

“दे इकडे,” रियाजने हात पुढे केला, “मुबारकबाद देऊ दे पोराला.”

मुमताजने फोन बंद केला.

“आधी इथे बसा,” ती म्हणाली. “तो माणूस काय बोलला, ते सांगते.”