बर्फाचे आभार

बर्फानं घाटरस्ता बंद होऊन आठवडा झाला होता आणि माझी बायको तुरीद फोनवर त्या हाल्वार नावाच्या व्हिडिओवाल्याचं थेट प्रवचन बघत बसली होती. जाडजूड लोकरी स्वेटर घालून हा शहाणा सांगत होता, "मीही तुमच्यासारखाच घरात अडकलोय. मेणबत्त्या लावा, पायमोजे विणा, बर्फाचे आभार माना. उन्हासाठी दक्षिणेच्या बेटांवर पळतात ते कसले नॉर्वेजियन?"

याच्याच नादी लागून तिनं आमची कॅनरी बेटांची तिकिटं रद्द केली होती.

"अगं, त्याला घाम बघ केवढा आलाय," मी म्हणालो.

"शेगडी पेटवली असेल. तुझ्यासारखा कुरकुरत बसत नाही तो. शीक काहीतरी."

मी बाहेर पाहिलं. बर्फ खिडकीपर्यंत चढला होता, सूर्य नोव्हेंबरात गेला तो गेलाच, आणि आमच्या गावात मे महिन्यापर्यंत साधी माशीसुद्धा दिसत नाही.



तेवढ्यात हाल्वारच्या मागे, भिंतीवरच्या बर्फाळ झाडांच्या फोटोवरून एक पाल सरसरत वर गेली.